नंदनवनची अभ्यासिका, जुने कॅमेरे, नवीन एनव्हीआर अन् बर्डीचं दुकान : पूर्ण रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते. एनव्हीआरला (म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) पाचपैकी साडेतीन, ज्या दुकानातून घेतला त्यांच्या कामाला चार, आणि वेळ पाळण्याला एक, तोही दया म्हणून. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणूस मुळात चांगला आहे. बर्डी म्हणजे आमच्या नागपूरचं सीताबर्डी, तिथल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये अशी दुकानं लायनीनं आहेत, त्यातला कामाचा माणूस कोणता ते कोणते प्रश्न विचारल्यावर कळतं, हे वाचता वाचता लक्षात येईलच.

आमची अभ्यासिका नंदनवनमध्ये आहे, दोन मजले, वरचा हॉल फक्त मुलींसाठी, शिवाय समोरच्या बिल्डिंगमध्ये एक छोटा हॉल भाड्याने घेतलेला. एमपीएससी, पोलीस भरती, बँकिंग, सगळी पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यामुळे कॅमेरे चालू पाहिजेतच. सहा आयपी कॅमेरे आधीचेच होते, चार मेगापिक्सलचे, सगळे एकाच कंपनीचे. पावसाळ्यात वीज कडाडली आणि जुना रेकॉर्डर गेला, कॅमेरे वाचले. मग बर्डीवरून आठ चॅनलचा एनव्हीआर आणला, दुसऱ्या कंपनीचा, कारण डब्यावर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी बोलावा म्हणून ठरवलेली भाषा) लिहिलं होतं आणि दुकानदार म्हणाला कोणताही कॅमेरा चालेल.

बसवायला घराजवळचाच एक सीसीटीव्हीवाला बोलावला. त्याने ऑटो ॲड दाबलं, तीन कॅमेरे आले, दोन 'नो सिग्नल', एक येतो-जातो. अर्धा तास खाटखूट केल्यावर म्हणतो मॅडम कॅमेरे जुने झाले, पूर्ण सेट बदला, आणि सव्वीस हजाराचं कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं आहे, नोकरी कधी केली नाही पण एवढं कळतं की सहापैकी तीन कॅमेरे एकाच दिवशी 'जुने' होत नाहीत. सरळ बर्डीच्या दुकानात फोन केला. सकाळी अकराला येतो म्हणून सांगितलेला माणूस संध्याकाळी उगवला. (एक मार्क इथलाच.) पण आल्या आल्या त्याने कॅमेऱ्याला हातच लावला नाही, बॅगेतून लॅपटॉप काढला, नेटवर्क स्विचला (सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात तो डबा) वायर लावली आणि म्हणाला, "काहून फेकता जी ताई चांगले कॅमेरे? मेले नाही ते, दोघं बोलून राहिले पण त्यायचं पटून नाही राहिलं."

पुढचं सगळं या 'बोलण्या'बद्दलच आहे, कारण कॅमेरा घेताना आपण मेगापिक्सल विचारतो, नाईट व्हिजन विचारतो, आणि हा कॅमेरा या रेकॉर्डरशी नक्की काय बोलतो ते कोणीच विचारत नाही.

पहिली पायरी म्हणजे ओळख. ऑटो ॲड दाबलं की एनव्हीआर अख्ख्या नेटवर्कवर एक हाक मारतो, 'कोणी कॅमेरा आहे का इथे', मल्टिकास्टने, ३७०२ नंबरच्या पोर्टवर, आणि जे कॅमेरे ऐकतात ते स्वतःचा पत्ता कळवतात. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. आमचा एक कॅमेरा वायफाय राउटरमागे वेगळ्याच आयपीच्या (नेटवर्कवरच्या पत्त्याच्या) रेंजमध्ये बसलेला होता, त्याला हाक ऐकूच जात नव्हती, तो दिसणार कसा? त्याची वायर मेन स्विचला आणली, आयपी बदलला, पाच मिनिटांत आला. ज्यांच्या एनव्हीआरला मागेच पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारे) पोर्ट असतात त्यांनी हे खास लक्षात ठेवा, त्या पोर्टांचं नेटवर्क बहुतेक वेळा वेगळं असतं आणि तिथे लावलेला कॅमेरा घरच्या वायफायवरून थेट उघडत नाही.

आता दुसरा 'नो सिग्नल'वाला, मुलींच्या हॉलचा, ही खरी मजा आहे. दुकानातून आलेल्या भाऊने लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये त्याचा आरटीएसपी (थेट व्हिडिओ मागायचा) पत्ता टाकला आणि चित्र झक्कास चालू झालं! रिकाम्या खुर्च्या, पंखा, सगळं स्वच्छ. म्हणजे कॅमेरा ठीक, वायर ठीक, पासवर्ड ठीक, तरी एनव्हीआर म्हणतो लॉगिन फेल. मग त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, तिथे तारीख होती १९७०-०१-०१. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले आणि कॅमेऱ्याच्या हिशोबाने १९७० सालची सकाळ.

झालं असं की कॅमेरा आणि एनव्हीआर दोन वेगवेगळ्या भाषांत दोनदा बोलतात. आधी ऑनव्हिफमध्ये, तू कोण, तुझ्याकडे कोणते स्ट्रीम आहेत, त्यांचा पत्ता दे. मग तो पत्ता घेऊन आरटीएसपीमध्ये प्रत्यक्ष व्हिडिओ मागायचा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्ड उघडा जात नाही, पासवर्ड, एक रँडम आकडा आणि आत्ताची वेळ असं तिन्ही मिळून हॅश (उलटा वाचता न येणारा कोड) करून पाठवतात, म्हणजे कोणी मधेच ऐकून तेच नंतर परत वापरू नये. आता एनव्हीआरने पाठवली आजची वेळ आणि कॅमेरा बसलाय १९७० मध्ये, त्याला वाटतं हे काहीतरी लफडं आहे, नाकारून टाकतो. व्हीएलसी थेट आरटीएसपीवर जातं, तिथल्या लॉगिनमध्ये वेळेचा संबंध नाही, म्हणून तिथे चित्र दिसतं. या एका गोष्टीवर किती लोकांनी चांगले कॅमेरे भंगारात दिले असतील देव जाणे.

खरं म्हणजे ऑनव्हिफमध्ये याची सोय आहे, लॉगिन न करताच कॅमेऱ्याला 'तुझी वेळ काय' असं विचारता येतं आणि शहाणा रेकॉर्डर तो फरक धरून हॅश बनवतो. आमचा एनव्हीआर ते करत नाही. अर्धा मार्क इथे कापला.

वेळ बिघडली कशी तर तेही सापडलं, आणि त्याचं कारण छतावर निघालं. या कॅमेऱ्याची वायर गच्चीवरून फिरून जाते, आणि ती निघाली सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनिअम आणि वरून तांब्याचा मुलामा. दिवसा कॅमेरा कमी करंट खातो, चालून जातं. रात्री हॉलचे लाइट बंद झाले की इन्फ्रारेड एलईडी पेटतात, करंट वाढतो, लांबच्या हलक्या वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रिस्टार्ट. त्यात मेमरी ठेवणारी बॅटरी नाही, वेळ गेली १९७० मध्ये, सकाळी एनव्हीआरवर 'नो सिग्नल'. आम्हाला वाटायचं रात्री कोणीतरी पोरगी प्लग काढते! शुद्ध तांब्याची केबल ओढली आणि सगळ्या कॅमेऱ्यांची एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची) सेटिंग एनव्हीआरच्या आयपीवर टाकून दिली, म्हणजे आता लाइट जाऊन आली तरी कॅमेरा उठल्याबरोबर रेकॉर्डरकडून वेळ विचारून घेतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या वायरीचं आणि कनेक्टरचं काय होतं ते वेगळं सांगायला नको, तिथे पैसे वाचवू नका.

ऑनव्हिफबद्दल थोडं, कारण डब्यावरच्या त्या एका शब्दावर आपण विश्वास ठेवतो. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनीने मिळून ते सुरू केलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी बोलावा. पण त्यात प्रोफाइल असतात. एस म्हणजे साधं स्ट्रीमिंग, टी म्हणजे त्यापुढचं, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) वगैरे धरून, जी म्हणजे रेकॉर्डिंगचं. नुसतं 'ऑनव्हिफ सपोर्ट' म्हणजे काहीच नाही, कोणतं प्रोफाइल ते विचारायचं, दुकानदार गोंधळला तर पुढच्या दुकानात जायचं. आणि बऱ्याच नवीन कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंदच असतं, आत जाऊन चालू करायचं, वरून त्याचा युजर पण वेगळा बनवायचा.

आता तो येणारा-जाणारा कॅमेरा, जिन्यातला. चित्र यायचं, साधारण एक मिनिट चालायचं, जायचं, परत यायचं. भाऊने वायरशार्क (नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं आणि मला दाखवलं, मला तर कॉलेजचे दिवस आठवले. बोलणं असं होतं: एनव्हीआर आधी 'ऑप्शन्स' विचारतो, मग 'डिस्क्राइब' म्हणतो. कॅमेरा म्हणतो ४०१, आधी ओळख पटव. (हे ४०१ पहिल्यांदा येणारच, लॉगमध्ये बघून घाबरू नका, त्याच उत्तरात कॅमेरा रँडम आकडा देतो आणि एनव्हीआर तो वापरून परत विचारतो.) मग २०० ओके आणि सोबत एक छोटं पत्रक, व्हिडिओ एच.२६५ मध्ये आहे, घड्याळ ९०,००० हर्ट्झचं, आवाज आहे की नाही, कोणत्या ट्रॅकवर काय. मग 'सेटअप', म्हणजे पॅकेट कुठून कसे पाठवायचे ते ठरतं. मग 'प्ले' आणि व्हिडिओ सुरू.

लग्नाच्या बोलणीसारखं वाटतं पण एक फरक आहे, इथे घासाघीस फार होत नाही. कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) काय, रेझोल्यूशन काय, ते कॅमेरा सांगतो आणि समोरच्याला घ्यायचं तर घ्या नाहीतर राहू द्या. खरी चर्चा होते ती फक्त वाहतुकीवर. त्यामुळे 'एनव्हीआर आपोआप ॲडजस्ट करून घेईल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, बहुतेक वेळा आधी कॅमेऱ्यात बसून सेटिंग करावी लागते.

हां तर जिना. 'सेटअप'च्या उत्तरात कॅमेरा सेशनचा नंबर देतो आणि सोबत टाइमआउट, साधारण साठ सेकंद. त्या वेळात समोरून काहीतरी 'मी आहे अजून' असं आलं पाहिजे, नाहीतर कॅमेरा समजतो गेला हा, आणि स्ट्रीम बंद. आमचा एनव्हीआर ते 'गेट पॅरामीटर' या आदेशाने सांगत होता आणि या कॅमेऱ्याच्या जुन्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) तो आदेशच कळत नव्हता, एरर देऊन गप्प बसायचा आणि मिनिटभराने दार बंद. बाकीच्या कॅमेऱ्यांत फर्मवेअर नवीन होतं म्हणून ते चालत होते. अपडेट मारलं, संपलं. हा सगळा प्रकार ज्या आरटीएसपीवर चालतो तो १९९८ चा आहे बरं का, कोलंबिया युनिव्हर्सिटी, नेटस्केप आणि रिअलनेटवर्क्सच्या लोकांनी लिहिलेला, २०१६ मध्ये त्याचं २.० पण आलं पण आपल्या बाजारातले कॅमेरे अजून जुन्यावरच निवांत आहेत.

समोरच्या बिल्डिंगमधला हॉल वायरलेस ब्रिजवर आहे, म्हणजे वायर न टाकता हवेतून जोडलेला. तिथलं चित्र यायचं पण मधेच करडं व्हायचं, माणसाचं डोकं एका जागी आणि धड वितळल्यासारखं खाली घसरलेलं. कारण वाहतूक यूडीपीवर होती, हवेत पॅकेट हरवलं की हरवलं, कोणी परत पाठवत नाही, आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत तो डाग तसाच पसरत राहतो. टीसीपीवर टाकलं की व्हिडिओ त्याच कनेक्शनमधून जातो जिथे बाकीचं बोलणं चाललं आहे, हरवलेलं परत येतं, डाग गेले, फक्त चित्र थोडं मागे चालतं. वायरवाल्या कॅमेऱ्यांना यूडीपी चालेल, हवेतून असेल तर टीसीपीच, याच्यात वाद नको. आमच्या एनव्हीआरमध्ये हे प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं निवडता येतं, याला पूर्ण मार्क.

पूर्ण फ्रेमवरून आठवलं, आय फ्रेमचं अंतर. कॅमेऱ्यात १०० होतं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चार सेकंदांनी एक पूर्ण फ्रेम, म्हणून कॅमेरा मोठा केला की काळा पडदा बघत बसायचं. भाऊने फ्रेम १५ केल्या, अंतर ३० केलं, आता दोन सेकंदांच्या आत येतं. कोडेकच्या नावापुढे जो 'प्लस' किंवा 'स्मार्ट' लावलेला असतो तोही बंद केला, तो त्याच कंपनीच्या रेकॉर्डरसोबत गोड चालतो, दुसऱ्याच्या घरी जाऊन रुसतो.

एक छोटी पण डोकं खाणारी गोष्ट, पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह होतं. आरटीएसपीच्या पत्त्यात ॲटच्या आधी युजर-पासवर्ड आणि नंतर आयपी असतो, दोन ॲट आले की काही सॉफ्टवेअर गडबडतात. त्याजागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे चाळीस लिहायचं, किंवा सरळ पासवर्ड बदलायचा. चुकीच्या पासवर्डने एनव्हीआर परत परत दार वाजवत राहिला तर कॅमेरा काही वेळ लॉकच होतो, मग बरोबर पासवर्ड टाकून पण घेत नाही, आणि तोपर्यंत आपण म्हणतो कॅमेरा मेला.

रेकॉर्डिंगचा हिशोब मी स्वतः केला. एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर चालला तर दिवसाला ४३ जीबीच्या थोडं वर, सहा कॅमेरे म्हणजे २६० च्या आसपास, ४ टीबीच्या हार्डडिस्कमध्ये पंधरा दिवस. एच.२६५ आणि सगळीकडे २ एमबीपीएस केलं तर महिना. हॉलमध्ये लोक बसून वाचतात, कोणी पळापळ करत नाही, २ मध्ये चेहरा नीट ओळखू येतो. गेटच्या कॅमेऱ्याला ४ ठेवले आहेत, गाड्यांचे नंबर दिसायला पाहिजेत. आवाज सगळीकडे बंद केला, पोरी फोनवर घरच्यांशी काय बोलतात ते रेकॉर्ड करायचं आपल्याला काय कारण?

मोबाइलवर बघायचं तर कंपनीचं ॲप आहे, क्यूआर स्कॅन केला की चालू. आमच्या फायबरला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नाही, घराघरांत तसंच आहे, म्हणून एनव्हीआर बाहेरच्या सर्व्हरला आधीच जाऊन चिकटून बसतो, तो सर्व्हर दोघांना एकमेकांचा पत्ता देतो आणि जमलं तर फोन-एनव्हीआर थेट बोलतात, नाही जमलं तर सगळा व्हिडिओ त्या सर्व्हरवरून फिरून येतो. घरून उघडलं तर पटकन येतं, फोनच्या डेटावरून कधी कधी गोल गोल फिरत राहतं, त्याचं कारण हेच. अर्धा मार्क इथे गेला, कारण ॲप आपोआप मेन स्ट्रीम (पूर्ण क्वालिटीचं जड चित्र) उघडतं, दर वेळी हाताने सब स्ट्रीम (हलकं चित्र) करावं लागतं, लक्षात ठेवतच नाही. आमच्या ह्यांनी भाऊला विचारलं की पोर्ट फॉरवर्ड करून दे ना, म्हणजे इंटरनेटवरून थेट एनव्हीआरपर्यंत दार उघडून दे, फास्ट होईल, तो म्हणाला, "दादा, ते मी करत नाही, तुमाले पाहिजे तर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." बरोबर बोलला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रकाराने असेच उघडे ठेवलेले, कंपनीचाच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा केले होते आणि त्यांच्याकडून हल्ले करवून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. आपल्याकडे पण एप्रिल २०२५ पासून नवीन कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी तपासणी सक्तीची झाली आहे, नवीन घेत असाल तर एसटीक्यूसीचं (त्या सरकारी तपासणीचं) सर्टिफिकेट विचारा.

उरलेला अर्धा मार्क ब्राउझरसाठी. एनव्हीआरचं वेब पेज अजून इंटरनेट एक्सप्लोररचं प्लगिन मागतं! क्रोमने तसली प्लगिन २०१५ मध्येच काढून टाकली, एक्सप्लोरर २०२२ मध्ये बंद झाला, आणि हे लोक अजून तिथेच. ब्राउझरला आरटीएसपी कळत नाही, म्हणून रिसेप्शनच्या टीव्हीसाठी भाऊने घरात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर गोटूआरटीसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते एका बाजूने कॅमेऱ्यांकडून आरटीएसपी घेतं, दुसऱ्या बाजूने ब्राउझरला वेबआरटीसीमध्ये (ब्राउझरला कळणाऱ्या भाषेत) देतं. त्यासाठी सब स्ट्रीम एच.२६४ वर ठेवला, एच.२६५ सगळे ब्राउझर घेत नाहीत. आता टीव्हीवर सहाही चौकोन जवळजवळ जिथल्या तिथे चालतात. याचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत, म्हणून कामाला चार.

पाचवा का नाही तर केसिंग पट्टी इतकी वाकडी मारली आहे की सासूबाई रोज बघून काहीतरी म्हणतात, आणि सगळे पासवर्ड मार्करने एनव्हीआरच्या डब्यावर लिहून गेला, मोठ्या अक्षरात, तेही रिसेप्शनला जिथे शंभर पोरं येतात-जातात. मी त्याच रात्री सगळे बदलले. बिल केबल, कनेक्टर आणि मजुरी धरून चार हजार तीनशे झालं, पक्कं बिल मागावं लागलं, मागितल्यावर दिलं.

एक काम बाकी आहे. पीओई स्विच अजून इन्व्हर्टरवर नाही, लाइट गेली की एनव्हीआर चालू आणि कॅमेरे बंद अशी गंमत होते. शनिवारी येतो म्हणाला आहे, कोणता शनिवार ते विचारायला पाहिजे होतं.